पांडवलेणी पांडवांची नाहीत, मग कुणाची? १७ नंबरच्या लेण्यात एका परदेशी माणसाचं नाव कोरलंय

इगतपुरीच्या धम्मगिरी विपश्यना केंद्रात जगभरातून माणसं येतात. १९७६ पासून इथे शिबिरं चालू आहेत. दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलं की पुढे ‘धम्मसेवक’ म्हणून सेवा देता येते. म्हणजे स्वयंपाकघरात हातभार लावायचा, शिबिराला बसलेल्यांची सोय बघायची आणि त्याचा एक रुपयाही घ्यायचा नाही. केंद्राचा खर्चही शिबिर केलेल्यांच्या दानावरच चालतो.

सेवा संपली आणि परतीच्या विमानाला एखादा दिवस बाकी असला, की यातले काही जण सॅक पाठीवर टाकून एकटेच नाशिकची बस पकडतात. शहर यायच्या आधीच मुंबई-आग्रा महामार्गालगत डोंगर दिसतो आणि त्याच्या कमरेला कोरलेली लेणी. दोनेकशे पायऱ्या चढून पाहुणा वर येतो आणि आपल्यापैकीच कुणाला तरी विचारतो, ‘हे कुणी बनवलं?’

आपण सांगून टाकतो, पांडवांनी.

हे उत्तर चुकीचं आहे. गंमत म्हणजे खरं उत्तर तिथल्या भिंतींवर जवळपास दोन हजार वर्षांपासून लिहिलेलं आहे.

मग पांडवांचं नाव आलं कुठून?

लेण्यांमधले लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. काळाच्या ओघात ही लिपी वाचणारं कुणी उरलं नाही. एवढा डोंगर कुणी पोखरला, हे कळेना. मग लोकांनी ते काम पांडवांच्या नावावर टाकलं. महाराष्ट्रात बऱ्याच लेण्यांच्या बाबतीत हेच झालंय.

१८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपनं अशोकाच्या लेखांमधली ब्राह्मी उलगडली आणि पुढे नाशिकचे लेखही वाचता आले. त्यात या डोंगराचं नाव ‘तिरण्हु’ असं येतं, म्हणजे संस्कृतात त्रिरश्मी. इथली २४ लेणी बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली आहेत. पावसाळ्याचे महिने भिक्खू एका जागी राहायचे, त्याला वर्षावास म्हणतात. त्यासाठी खोल्या, पाण्याची टाकी आणि पूजेची जागा लागायची. पैसे द्यायचे ते दाते. त्यांचीच नावं भिंतींवर आहेत.

१७ नंबर : इंद्राग्निदत्त

या लेण्याच्या ओसरीतला लेख सांगतो की हे लेणं धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त यानं खोदवलं. तो उत्तरेकडचा, दत्तामित्री या गावचा ‘योनक’ होता. योनक म्हणजे यवन. पुढच्या काळात मराठीत यवन हा शब्द मुसलमानांसाठी वापरला गेला, पण तेव्हा त्याचा अर्थ होता ग्रीक. दत्तामित्री हे नावसुद्धा दिमित्रियस या ग्रीक राजावरून आलं असावं, असं अभ्यासक मानतात.

इंद्राग्निदत्तानं हे पुण्य आईवडिलांच्या नावे केलं आणि सोबत मुलगा धम्मरक्षित याचंही नाव घातलं. म्हणजे ग्रीक म्हणवणारा एक माणूस शेकडो मैलांवरून नाशिकला आला आणि स्वतः कधी राहणार नाही असं घर अनोळखी माणसांसाठी बांधून गेला.

१० नंबर : दगडावरची फिक्स्ड डिपॉझिट

हे लेणं उषवदाताचं. तो शक, म्हणजे त्याचं घराणंही बाहेरून आलेलं. पश्चिम भारतावर राज्य करणाऱ्या क्षहरात नहपानाचा तो जावई. लेणं देऊन तो थांबला नाही, ते चालायचं कसं याचीही सोय त्यानं केली.

गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघांकडे, त्यानं ३,००० कार्षापण (चांदीची नाणी) ठेवले. त्यातले २,००० महिना एक टक्का व्याजानं आणि १,००० पाऊण टक्का व्याजानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं.

हिशोब करून बघा. २,००० वर महिन्याला २०, म्हणजे वर्षाला २४० कार्षापण. लेखात म्हटलंय की वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना कापडासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत. २० गुणिले १२, बरोबर २४०! उरलेल्या १,००० चं वर्षाचं व्याज ९० होतं, ते इतर किरकोळ खर्चाला.

गोवर्धन नावाचं गाव नाशिकच्या गंगापूर भागात आजही आहे.

औषधांसाठी ठेव ठेवणारी विष्णुदत्ता

याच १० नंबरच्या आवारात तिसऱ्या शतकातला आणखी एक लेख आहे, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला. त्यात विष्णुदत्ता नावाची शक स्त्री आजारी भिक्खूंच्या औषधांसाठी ठेव ठेवते. कुंभारांच्या श्रेणीकडे १,०००, पाण्याची यंत्रं बनवणाऱ्यांकडे २,००० आणि तेल्यांकडे ५०० कार्षापण. आजच्या भाषेत याला मेडिकल फंडच म्हणावं लागेल.

१८ नंबरच्या चैत्यगृहाच्या दारावर तर धंभिक गावच्या लोकांचं दान नोंदवलेलं आहे आणि त्याच ओळीत नाशिकचं नावही येतं.

सत्ता बदलली, दान चालूच

३ नंबरच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी यानं शक, यवन आणि पल्हवांचा नाश केला, असं ती अभिमानानं सांगते. त्याच डोंगरावर काही पावलांवर शकांची आणि यवनाची लेणी आहेत. ती कुणी फोडली नाहीत.

लढाई खोटी नव्हती. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यातल्या ९ हजारांवर गौतमीपुत्रानं स्वतःचा छाप उमटवलेला आहे. त्यानं उषवदाताच्या ताब्यातलं शेतही घेतलं, पण ते दिलं याच त्रिरश्मीवरच्या भिक्खूंना.

आता भिंतीवर नवी नावं नकोत

ही नावं दोन हजार वर्षं टिकली. आता त्यांना आपलाच धोका आहे, किल्लीनं बदाम आणि नाव कोरणाऱ्या हातांचा. ही लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. संरक्षित स्मारकाचं नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

एकटे जाणार असाल तर सकाळी जा, पाणी सोबत ठेवा आणि ३, १०, १७, १८ हे चार नंबर चुकवू नका. तिथे बाहेरून आलेला कुणी विचारलंच ‘हे कुणी बनवलं’, तर त्याला १७ नंबरला घेऊन जा. म्हणावं, तुझ्यासारखाच लांबून आलेला एक जण होता.