राष्ट्रपतींच्या निवडणुकीत महाडचे मत

महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके व माणगाव तालुक्याचा काही भाग मिळून जो विधानसभा मतदारसंघ होतो, त्याचा आमदार रस्त्यांची, दरडींची आणि सावित्रीच्या पुराची गाऱ्हाणी विधानभवनात मांडतो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु राष्ट्रपती निवडण्याचा अधिकारही त्याच मतदारांच्या वतीने त्याच्याकडे जातो, आणि त्या दिवशी त्याच्या एका मतपत्रिकेचे मूल्य १७५ धरले जाते, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानी नसते.

हा आकडा कोणाच्या मर्जीने ठरलेला नाही. १९७१च्या खानेसुमारीत महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ भरली. तिला विधानसभेच्या २८८ जागांनी भागावे, आलेल्या भागाकारास पुन्हा हजाराने भागावे, आणि बाकी पाचशे किंवा अधिक उरल्यास एक वाढवावा, असा राज्यघटनेच्या ५५व्या अनुच्छेदाचा हिशेब आहे. त्याच हिशेबाने उत्तर प्रदेशच्या आमदाराचे मतमूल्य २०८, गोव्याच्या आमदाराचे २० आणि सिक्कीमच्या आमदाराचे अवघे ७ होते. देशातील सर्व आमदारांच्या मतमूल्यांची बेरीज संसदेच्या निर्वाचित सदस्यांत समान वाटली म्हणजे खासदाराचे मतमूल्य निघते. २०२२ साली ते ७०० होते. राज्याच्या हद्दीत मात्र भेदभाव नाही. पोलादपूरच्या वाड्यांतील कर्ती माणसे पोटापाण्यासाठी मुंबईस गेली आणि तिकडच्या मतदारयादीत दाखल झाली, तरी महाडचा आमदार आणि मुंबईचा आमदार यांची मते तुल्यबळच राहतात. १९७१चा आकडा ४२व्या घटनादुरुस्तीने गोठवला गेला आणि ८४व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या खानेसुमारीपर्यंत वाढवली, ती कुटुंबनियोजन मनावर घेणाऱ्या राज्यांचे वजन घटू नये म्हणून. हा हेतू मला न्याय्य वाटतो. पण १९७१ नंतर वाढलेली सारी प्रजा या हिशेबाबाहेर राहिली, ही त्याची किंमत लहान नव्हे.

अमेरिकेतही सामान्य मतदार आणि राष्ट्राध्यक्षपद यांच्यामध्ये प्रतिनिधींची फळी असते. पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी बहुतेक राज्यांत प्राथमिक निवडणूक होते आणि तीतील मतांवरून पक्षाच्या अधिवेशनास जाणारे प्रतिनिधी वाटले जातात. डेमोक्रॅटिक पक्षात किमान १५ टक्के मते मिळवणाऱ्या उमेदवारांना मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी मिळतात. रिपब्लिकन पक्षात राज्यागणिक नियम निराळे असून काही राज्यांत सर्वाधिक मते मिळवणारा सर्वच प्रतिनिधी घेऊन जातो. हे प्रतिनिधी सामान्यतः पहिल्या फेरीत आपल्या राज्याच्या कौलाशी बांधलेले असतात. आपला आमदार तसा बांधलेला नाही. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत पक्षाचा व्हिप चालत नाही आणि मतदान गुप्त असते. राज्यसभेच्या निवडणुकीत पक्षाच्या नियुक्त प्रतिनिधीस मतपत्रिका दाखवावी लागते, तशी येथे दाखवावी लागत नाही. राष्ट्रपतीपद कोणाच्याही उपकाराखाली असू नये, या दृष्टीने ही गुप्तता योग्यच आहे; परंतु आपले १७५ कोणाच्या पदरात पडले, हे महाडच्या मतदारास खात्रीने कधीच कळत नाही.

राष्ट्रपती थेट जनतेने निवडावा, असा आग्रह घटनासमितीत प्रा. के. टी. शहा यांनी धरला होता. १९२७च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाने ज्यांचे नाव महाडशी कायमचे निगडित झाले, त्या डॉ. आंबेडकरांनी तो मानला नाही. प्रत्यक्ष सत्ता ज्याच्या हाती नाही अशा पदासाठी साऱ्या देशाचे मतदान घेण्याचा खटाटोप त्यांना अनाठायी वाटला.

या पद्धतीची खरी कसोटी १९६९ साली लागली, आणि त्या कसोटीच्या मध्यभागी महाड तालुक्यातीलच एक पुरुष उभा होता. महाडहून रायगडाकडे जाताना वाटेत लागणाऱ्या नाते या गावी १८९६ साली जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे चिंतामणराव देशमुख हे स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्याने राष्ट्रपतीपदासाठी उभे राहिले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते. पण पंतप्रधान इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीनुसार मत देण्याचे आवाहन केल्याने प्रतिस्पर्धी उमेदवार वराहगिरी व्यंकट गिरी यांचे पारडे जड झाले होते.

या निवडणुकीच्या मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांसमोर पसंतीचा रकाना असतो आणि मतदार तेथे १, २, ३ असे अंक लिहितो; पहिला अंक आवश्यक, पुढचे ऐच्छिक. वैध मतांच्या निम्म्याहून एक अधिक हा कोटा कोणासच मिळाला नाही, तर तळाचा उमेदवार बाद करून त्याच्या पत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात. १९६९च्या २० ऑगस्टला मोजणी झाली तेव्हा कोटा ४,१८,१६९ होता. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते होती. तळाच्या उमेदवारांपाठोपाठ अखेर देशमुखही बाद झाले. त्यांच्या सर्व पाठीराख्यांनी दुसरा अंक रेड्डींसमोर लिहिला असता, तर रेड्डी ४,२६,३१७ वर पोहोचून विजयी झाले असते. बाद उमेदवारांच्या मतांपैकी ९१,८७९ रेड्डींकडे गेली खरी; परंतु १८,५६२ गिरींकडे वळली आणि १०,८३३ पुढची पसंतीच नसल्याने निकामी झाली. गिरी ४,२०,०७७ मतांनी निवडून आले, म्हणजे कोट्याहून १,९०८ अधिक. रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले.

त्या वर्षी रिंगणात १५ उमेदवार होते आणि त्यांतल्या कित्येकांना एकही मत पडले नाही. पुढे १९७४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन सूचक, अनुमोदक आणि अनामत रक्कम यांची अट आली. आज ५० सूचक, ५० अनुमोदक आणि १५,००० रुपये लागतात. त्यानंतरच्या कोणत्याही राष्ट्रपतींच्या निवडणुकीत दुसऱ्या पसंतीची मोजणी करावी लागलेली नाही.