पांढरा भात आणि पायांतलें बळ

पोट भरलें म्हणजे पोषण झालें, अशी आपली समजूत असते. ती किती फसवी आहे, हें जावा बेटांतील कांहीं कोंबड्यांनीं जगाला शिकविलें.

बटाव्हिया, म्हणजे आजचें जकार्ता, येथें १८९० च्या सुमारास आइकमन नांवाचे डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा शोध करीत होते. या रोगांत पायांतलें बळ जातें, हृदय दुबळें होतें. अकस्मात् त्यांच्या प्रयोगशाळेंतील कोंबड्याच लटपटूं लागल्या. त्यांना लष्करी इस्पितळांतला उरलेला पांढरा भात मिळत असे. पुढें नव्या आचाऱ्यानें लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांस देण्याचें नाकारलें. कोंड्यासकट तांदूळ मिळूं लागला, आणि त्या बऱ्या झाल्या! या शोधाबद्दल आइकमन यांना १९२९ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

तांदळाच्या कोंड्यांत ब-१ जीवनसत्त्व असतें. तें पाण्यांत विरघळतें. माझ्या लहानपणीं आमच्या घरीं तांदूळ चार पाण्यांनीं धुवून, वर पेज काढून भात होई. पांढरेपणा ही प्रतिष्ठा. पेज गोठ्यांत जाई. म्हैस धष्टपुष्ट होती. आम्ही भावंडें मात्र किरकोळ!

यासाठीं तांदूळ शक्यतों हातसडीचा घ्यावा, बेतानें धुवावा, पेज टाकूं नये. पानांत भाताचा ढीग लहान करून वरण, उसळ, पालेभाजी, ताक यांना जागा द्यावी. मुलांचें ताट पांढरेंशुभ्र नको. तें रंगीबेरंगी असावें.