चौदा वर्षं चाललेलं चित्रीकरण

ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागून घाटकोपर पूर्वेला माता रमाबाई आंबेडकर नगर आहे. ११ जुलै १९९७ च्या सकाळी तिथल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला आणि माणसं घराबाहेर पडली. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली, तिने गोळीबार केला. दहाजण गेले. चार दिवसांनी मुलुंडच्या झोपडपट्टीत शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. डोक्याला निळी पट्टी बांधलेली होती, आणि आंबेडकरी एकजुटीचा जयजयकार त्यांनी मागे लिहून ठेवला होता.

आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ची सुरुवात इथे झाली. पटवर्धन घोगऱ्यांना चांगले ओळखत होते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांवरच्या ‘हमारा शहर’ या १९८५ च्या माहितीपटात घोगरे गायले होते. त्यामुळे ही बातमी त्यांच्यासाठी ओळखीच्या माणसाची होती, आणि कोडंही होतं. घोगरे डाव्या चळवळीचे शाहीर, ‘आव्हान नाट्य मंच’चे. संघटनेने त्यांना काढून टाकलं होतं. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गाणाऱ्या माणसाने जाताना निळी पट्टी का बांधली? माहितीपटाच्या नावातले ‘जय भीम’ आणि ‘कॉम्रेड’ या एका प्रश्नापाशी भेटतात.

माहितीपट पूर्ण व्हायला २०११ साल उजाडलं. म्हणजे चौदा वर्षं. एवढ्या काळात पटवर्धनांचा ‘वॉर अँड पीस’ येऊन गेला, चित्रीकरणाची तंत्रं बदलली, टेप जाऊन डिजिटल आलं. जुन्या सोळा मिलिमीटर फिल्मवरचे तरुण घोगरे आणि नंतरची व्हिडिओवरची दृश्यं पडद्यावर शेजारी येतात तेव्हा चित्राच्या पोतावरूनच किती काळ लोटला ते कळतं.

स्वतंत्र माहितीपट म्हणजे काय, हे दिवाळी अंकाच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. मागे वाहिनी नाही, स्टुडिओ नाही, कुणाची मुदत नाही. दिग्दर्शकच कॅमेरा धरतो, तोच संकलनाला बसतो. पटवर्धनांच्या माहितीपटांत कॅमेऱ्यामागून प्रश्न विचारणारा आवाजही त्यांचाच असतो. त्यात एक तोटा आहे, पैसे कायम कमी पडतात. पण फायदा असा, की वाट पाहण्यावर कुणी बंदी घालत नाही. गोळीबाराचा खटला चालला, कॅमेराही चालू राहिला. टीव्हीच्या मंडळींनी हीच गोष्ट पहिल्या वर्षश्राद्धाला अर्ध्या तासात गुंडाळली असती.

श्रेयनामावलीत मोजकी नावं असली, तरी हा माहितीपट खऱ्या अर्थाने उभा केला तो वस्तीतल्या लोकांनी. त्यांनी घरं उघडली, पुन्हा पुन्हा तेच दुःख सांगितलं. कॅमेरा घेऊन येणाऱ्या माणसाला दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी दार उघडणं सोपं नसतं. आपली माणसं गमावलेल्या घरांनी ते वर्षानुवर्षं केलं. शहराचा कचरा हाताने उपसणारे सफाई कामगार इथे दिसतात, आणि सहा डिसेंबरला बाबासाहेबांना अभिवादन करायला दादरला येणाऱ्या गर्दीवर नाक मुरडणारे शहरी लोकही.

सगळ्यात बारकाईने पाहण्यासारखा भाग आहे टँकरचा. सरकारचं म्हणणं असं होतं की जमाव गॅसचे टँकर पेटवायला निघाला होता, म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या. त्याला पुरावा म्हणून व्हिडिओही पुढे आला. पटवर्धन तो व्हिडिओ सहज मान्य करत नाहीत. टँकर कुठे उभे होते, गोळ्या कुठे लागल्या, दोन्हींमध्ये अंतर किती, हे ते तपासतात. पत्रकाराने करायचं काम एका स्वतंत्र दिग्दर्शकाने केलं, आणि ते त्याला करावं लागलं हे मला जास्त खटकतं. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती गुंडेवार आयोगानेही गोळीबाराची गरज नव्हती असाच निष्कर्ष काढला. गोळीबाराचा आदेश देणारे उपनिरीक्षक मनोहर कदम यांना २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली, पण पुढे उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला.

वस्तीतल्या लोकांनंतर दुसरा मोठा चमू शाहिरांचा. घोगऱ्यांनंतर संभाजी भगत येतात, मग पुण्याच्या कबीर कला मंचाची पोरं. त्यांच्यातल्या शीतल साठे यांचा आवाज एकदा ऐकला की विसरता येत नाही. शाहिरी म्हणजे पोवाड्याचा ऐटबाज कार्यक्रम, एवढीच कल्पना असलेल्यांनी हा भाग जरूर पाहावा. इथे गाणं हेच दस्तऐवज असतं. कुठल्याही कार्यालयात नोंद नसलेला अपमान चालीत बसून पुढच्या पिढीकडे जातो.

गाणी लांब आहेत, तीन तासांच्या घरातला हा माहितीपट मध्ये रेंगाळतोही. काही मित्रांनी तो कापायला हवा होता असं म्हटलं. मला तसं वाटत नाही. गाणं मध्येच तोडलं तर शाहीर आणि ऐकणारी वस्ती, दोघांनाही गप्प केल्यासारखं होतं.

माहितीपट २०११ मध्ये काठमांडूच्या ‘फिल्म साउथ एशिया’ महोत्सवात सर्वोत्तम ठरला. मुंबईत मात्र तो प्रेक्षागृहात अडकून पडला नाही, वस्त्यांमध्ये जाऊन दाखवला गेला. ज्यांची गोष्ट आहे त्यांच्यासमोर ती दाखवण्याची हिंमत लागते, कारण तिथे चूक झाली तर लोक तोंडावर सांगतात. शिवाय हा माहितीपट आंबेडकरी राजकारणालाही सोडत नाही. गोळीबार झाला तेव्हा राज्यात शिवसेना-भाजपची सत्ता होती, आणि माहितीपट पूर्ण झाला त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षाचा आठवले गट त्याच युतीशी जोडला गेला.

इतिहास तिथे थांबला नाही. कबीर कला मंचाच्या कलाकारांवर नक्षल संबंधांचे आरोप झाले. शीतल साठे आणि सचिन माळी एप्रिल २०१३ मध्ये विधान भवनासमोर स्वतः हजर झाले. पटवर्धन त्यांच्या बचावासाठी उभे राहिले. त्याच ऑगस्टमध्ये पुण्यात या माहितीपटाच्या खेळानंतर फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांना मारहाण झाली.

आता रमाबाई नगराचा पुनर्विकास एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने हाती घेतला आहे. गल्ल्या जातील, त्या सकाळी ज्या दारांतून माणसं बाहेर आली ती दारंही जातील. घाटकोपर, मुलुंड, विक्रोळीच्या वाचकांना म्हणून एक विनंती. घरात भीमजयंतीच्या, शाहिरी जलशांच्या जुन्या ऑडिओ-व्हिडिओ कॅसेट पडून असतील, तर त्या भंगारात देऊ नका. आजच कुणाकडून तरी डिजिटल करून घ्या, आणि गाणाऱ्याचं नाव, साल, ठिकाण एका कागदावर लिहून ठेवा. घोगऱ्यांचा आवाज आपल्याला ऐकू येतो तो ‘हमारा शहर’च्या वेळी कुणीतरी तो नीट ध्वनिमुद्रित करून जपून ठेवला म्हणूनच.