टेबल तेच, नक्कल क्षणात

मुरुमच्या रेशन दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा टेकवला, की तो जुळतो की नाही हे ना मुरुममध्ये ठरतं, ना धाराशिवला. प्रश्न आधारच्या डेटा सेंटरकडे जातो. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. आज आधार क्रमांकांचा आकडा १३० कोटींच्या पुढे आहे. इतक्या नोंदी एका सर्व्हरवर ठेवून भागत नाही. म्हणून आधारची यंत्रणा उभारताना जी मुक्त साधनं घेतली, त्यांत एचबेस हा अनेक सर्व्हरवर पसरणारा डेटाबेस होता. गूगलने २००६ साली मांडलेल्या बिगटेबलच्या धर्तीवर तो बांधलेला आहे.

एचबेसमध्ये टेबलाचे तुकडे पाडून ते वेगवेगळ्या सर्व्हरकडे सोपवतात आणि प्रत्येक फाइलीच्या सहसा तीन प्रती ठेवतात. मग वेगळा बॅकअप कशाला? कारण एक यंत्र जळालं तर या प्रती वाचवतात, पण कुणी चुकून भलत्याच नोंदी पुसल्या, तर तिन्ही प्रती तो हुकूम निमूटपणे पाळतात.

अब्जावधी ओळींचं टेबल, त्यात दर सेकंदाला नव्या नोंदी पडताहेत. त्याची नक्कल करायला किती तास लागतील? एचबेसमध्ये अशा नकलेला स्नॅपशॉट म्हणतात आणि तो घ्यायला बहुतेक वेळा काही सेकंद पुरतात, कारण माहिती कॉपीच होत नाही!

याचं मर्म असं, की एचबेसची फाइल एकदा लिहिली की पुन्हा बदलत नाही. सातबाऱ्यावर जुनं नाव खोडून न टाकता कंस करतात, फेरफार वेगळा नोंदवतात, तसंच इथं. बदल नव्या फाइलीत जातो. नोंद पुसणं म्हणजेसुद्धा ‘ही पुसली’ अशी खूण लिहिणं. त्यामुळे स्नॅपशॉट घेताना मेमरीतलं ताजं लिखाण डिस्कवर उतरवायचं आणि या घटकेला टेबल कोणकोणत्या फाइलींचं बनलंय, एवढी यादी करून ठेवायची. पुढे साफसफाईत जुन्या फाइली एकत्र झाल्या, तरी यादीतल्या मूळ फाइली संग्रहात हलवल्या जातात. स्नॅपशॉट आहे तोवर त्यांना हात लागत नाही.

मला सर्वांत नवल वाटतं ते वेळेचं. प्रत्येक सर्व्हर आपापल्या सवडीने लिखाण उतरवतो. त्यामुळे सगळ्या टेबलाचा मिळून असा एकच ‘आत्ता’ नसतो. एक ओळ अर्धवट सापडणार नाही, पण दोन ओळींमध्ये काही क्षणांचं अंतर असू शकतं.

परत आणतानाही दोन वाटा आहेत. जुनं टेबल बंद करून त्याच जागी मागची स्थिती आणता येते, किंवा त्याच फाइलींवर वेगळ्या नावाचं नवं टेबल उभं करता येतं. मला दुसरी वाट जास्त शहाणपणाची वाटते; चालू काम थांबत नाही, हरवलेल्या ओळी शोधून उचलता येतात.

मात्र यादी आणि फाइली एकाच क्लस्टरमध्ये, म्हणजे सर्व्हरांच्या एकाच समूहात राहिल्या, तर आग किंवा पूर दोन्ही घेऊन जातो. म्हणून स्नॅपशॉट दूरच्या क्लस्टरवर खरोखर पाठवावाच लागतो आणि तिथे मात्र एकेक बाइट कॉपी होते. ज्यांच्या हाती असे डेटाबेस आहेत, त्यांनी तिथे टेबल उभं करून ओळी मोजून पाहाव्यात, आणि हे अडचण येण्याआधी करावं.