संगणकाच्या पोटातील आवाज

समजा, 2014 सालच्या उन्हाळ्यात परगावचे आजोबा संगणकावरून नातीशी बोलत आहेत. 1972 च्या दुष्काळाची हकीकत चालली आहे : खडी फोडण्याचे काम, तेथे वाटली जाणारी सुकडी, तळ दिसू लागलेली विहीर. आजोबांच्या अनुमतीने नात त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करीत आहे. मागील महिन्यात असेच मुद्रण अगदी स्वच्छ उतरले होते. या खेपेस मात्र ती ऐकू लागते तो काय, आजोबांच्या शब्दांवर कुकरची शिट्टी आणि पंख्याची घरघर! मधल्या काळात एकच गोष्ट घडली होती. संगणकावर नवी कार्यप्रणाली बसविली गेली होती.

कार्यप्रणालीचा आणि कुकरच्या शिट्टीचा संबंध काय?

संगणकाच्या पोटात आवाज आवाजाच्या रूपाने नसतोच. तेथे असतात आकडे. ध्वनिलहरीची उंची क्षणोक्षणी मोजून ते तयार होतात. कॉम्पॅक्ट डिस्कसाठी ही मोजणी सेकंदाला 44,100 वेळा होते आणि प्रत्येक माप 65,536 पायऱ्यांपैकी एकीवर बसविले जाते. दोन बाजूंचा एका मिनिटाचा आवाज साठविण्यास सुमारे 1 कोटी 6 लक्ष बाइट लागतात! या आकड्यांनुसार विजेचा प्रवाह कमीजास्त होतो, ध्वनिक्षेपकाचा पडदा थरथरतो, आणि मगच हवेत आवाज उमटतो. हवेतला आवाज मायक्रोफोनने टिपला की घरातले सारे नाद त्यात मिसळतात. आकडे बाहेर पडण्यापूर्वीच त्यांची नक्कल घेतली, तर शिट्टीला आत शिरण्यास वाव राहत नाही.

2001 साली आलेल्या विंडोज एक्सपीवर चालणाऱ्या अनेक संगणकांत ही नक्कल साउंड कार्ड करून देत असे. मुद्रणाच्या यादीत मायक्रोफोनच्या शेजारी 'स्टिरिओ मिक्स' हे नाव दिसे. नात तेच निवडीत होती. पुढे 8 एप्रिल 2014 रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल थांबविली. अनेकांनी विंडोज 7 घेतली, आणि ते नाव यादीतून दिसेनासे झाले. उरला मायक्रोफोन. संगणकाने निमूटपणे तोच वापरला. तक्रार करण्याची त्याला सवय नाही.

जुन्या वाड्याची डागडुजी करताना एक दार बुजवून दुसरे उघडावे, तसे हे झाले होते. 2007 साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ध्वनीची व्यवस्था नव्याने रचली गेली. निरनिराळ्या कार्यक्रमांचे आवाज एकत्र करण्याचे काम कार्यप्रणालीने स्वतःकडे घेतले. जुने दार पुष्कळ ठिकाणी केवळ कडी लावून ठेवलेले होते. ध्वनीच्या खिडकीत मुद्रणाच्या यादीवर उजवी कळ दाबून बंद साधने दाखविण्यास सांगितले, की ते सापडे आणि सुरू करता येई. काही साउंड कार्डांत मात्र ते मुळीच उरले नव्हते. नवे दार असे की, ध्वनिक्षेपकाकडे निघालेल्या एकत्रित आवाजाची नक्कल कार्यप्रणाली स्वतःच देते. साउंड कार्डाची मर्जी राखावी लागत नाही. परंतु मुद्रण करणाऱ्या कार्यक्रमाला ही नक्कल मागता आली पाहिजे, आणि जुन्या कार्यक्रमांना ती मागता येत नसे.

या मार्गातही एक गंमत आहे. नक्कल एकत्रित आवाजाची असल्यामुळे पत्र आल्याची घंटी वाजली, तर तीही आत येते. उलट नातीचे स्वतःचे बोलणे त्यात येतच नाही. कारण ते मायक्रोफोनमधून परस्पर आजोबांकडे जाते. मग मुद्रण ऐकताना आजोबा मध्येच म्हणतात, "नाही गं, विहीर आटली ती नंतर," आणि नातीने काय विचारले होते ते कळत नाही. तिचे प्रश्न हवे असल्यास मायक्रोफोनचे मुद्रण निराळे करून दोन्ही एकमेकांशी जुळवून घ्यावे लागते.