आधी सतरंजी तर अंथरा!

‘आम्हांला कशाला हो वेगळा व्यायाम? दिवसभर राबतोच की घरात!’ आमच्या कणकवलीत योगासनांचा विषय निघाला, की चौघींतल्या तिघी तरी हेच म्हणतात. तुम्हीही म्हणत असाल. मग आज एक करा. दिवसभरात आपण कुठल्या बाजूला वाकतो, एवढंच लक्षात ठेवा. विळीवर नारळ खवायचा तो पुढे वाकून. केर, लादी, कपडे, मासे साफ करणं, अंगण झाडणं, सगळं पुढेच वाकून! मागे वाकतो ते फक्त माळ्यावरचा डबा काढताना. म्हणजे राबणं होतं, दमणंही होतं, पण पाठीला उलट दिशेची ओढ काही मिळत नाही. शिवाय आपल्या आया निदान उठताबसता जमिनीवर असायच्या. आपला ओटा उभा, जेवण टेबलावर. हळदीकुंकवाला सतरंजीवर बसलो, की उठताना शेजारणीचा हात लागतो!

‘योग म्हणजे संन्याशांचं काम’ ही समजूतही सोडा. योगेंद्रजींनी 1918 साली मुंबईत योग संस्था काढली ती संसारी माणसांसाठीच. त्यांच्या पत्नी सीतादेवी स्वतः बायकांना शिकवत, आणि खास स्त्रियांसाठी त्यांनी लिहिलेलं पुस्तक 1934 सालचं आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढून आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे यंत्रांनी तपासायला सुरुवात केली. तेव्हा घरात बसून योग शिकणाऱ्या आपण काही पहिल्या नव्हे.

आता वेळ. पहाटे घर जागं व्हायच्या आधीची उत्तम. ते जमत नसेल तर दुपारी चार-साडेचार. मात्र भात-आमटी पोटात असताना नको. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या. जागा पडवीतली असो की माजघरातली, वारा हवा. पावसाळ्यात फरशीला ओल येते, म्हणून खाली चटई आणि वर जाड सतरंजी. गुळगुळीत लादीवर नुसती चादर घालाल तर घसराल. कपडे सैल हवेत. गाऊन पायात अडकतो, त्यापेक्षा पंजाबी ड्रेस बरा.

पहिले पंधरा दिवस तीनच आसनं करा. पहिलं मार्जारासन, म्हणजे मांजरासारखं हातांवर आणि गुडघ्यांवर ओणवं व्हायचं. श्वास घेताना पाठ खाली, मान वर. सोडताना पाठीची कमान वर, मान खाली. असं सावकाश पाच-सहा वेळा. गुडघे दुखत असतील तर खाली घडी घातलेली चादर ठेवा. दुसरं भुजंगासन. पालथं झोपून तळवे छातीच्या बाजूला, कोपरं अंगाशी. श्वास घेत आधी डोकं, मग छाती उचला. बेंबी जमिनीलाच राहू दे. हातांवर रेटून उंच जाऊ नका, पाठ उचलेल तेवढंच. तिसरं सेतुबंधासन. उताणं झोपून गुडघे वाकवायचे, पावलं जमिनीवर, आणि कंबर हळूच वर. वर असताना मान इकडेतिकडे वळवू नका. ही दोन्ही तीन-तीन वेळा, आणि वर असताना श्वास चालूच ठेवा. कोंडून धरायचा नाही.

एक खूण सांगते. ओढ बसली पाहिजे, कळ येता कामा नये. मी ही खूण न ओळखता, नुसतं चित्र पाहून पहिल्याच आठवड्यात हलासन केलं. पाय डोक्यामागे गेले खरे, पण मान आठ दिवस वळेना! तेव्हा शीर्षासन, हलासन, भराभरा केलेली कपालभाती हे मोबाईलवर पाहून करण्याचे प्रकार नव्हेत. ते शिक्षकासमोरच. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया, मणक्याचं दुखणं असेल, पोटाचं ऑपरेशन किंवा सिझेरियन झालं असेल, दिवस गेले असतील, तर वरची साधी आसनंही डॉक्टरांना विचारूनच. पाळीच्या दिवसांत अंग नको म्हणत असेल तर नुसतं संथ श्वसन करा.

शेवटी शवासन, पाच मिनिटं. उताणं पडून हातपाय सैल सोडायचे, डोळे मिटायचे. सगळ्यांत सोपं दिसतं आणि सगळ्यांत अवघड जातं तेच. कारण ते पाहणाऱ्याला वाटतं, ही भरल्या घरात लोळतेय! आमच्या शेजारच्या वहिनी पहिल्या दिवशी अशा पडल्या, तर सासूबाई धावत आल्या. ‘गो, काय झाला? बरां नाय काय तुका? जमनीर कित्याक पडलंस?’ वहिनी ओशाळून उठल्या आणि पुढचे दोन महिने त्यांनी सतरंजी उलगडली नाही. मग पुन्हा सुरू केलं तेव्हा आदल्या रात्रीच सर्वांना सांगितलं, ‘साडेपाच ते सहा मला हाक मारू नका. चहा सहाला मिळेल.’ दोन दिवस कुरकुर झाली. तिसऱ्या दिवशी यजमानांनी आपला चहा आपणच ठेवला. सासूबाई आता खुर्चीत बसून त्यांच्याबरोबर हात वर-खाली करतात. त्यांच्या गुडघ्यांना तेवढंच सोसतं.

म्हणून म्हणते, आसनांच्या आधी ही अर्ध्या तासाची गोष्ट घरात उघड बोला. चोरून केलेला व्यायाम पहिल्या हाकेला मोडतो. आणि शवासनातून उठताना झटक्यात उठू नका. कुशीवर वळा, हाताचा आधार घ्या, मग बसा.

खाडा पडणारच. चवथीला मुंबईची मंडळी आली, की आठ-दहा दिवस घरात पाय ठेवायला जागा नसते, तिथे सतरंजी कुठली! वाईट वाटून घेऊ नका, आणि राहिलेलं भरून काढायलाही जाऊ नका. पाहुणे गाडीत बसले, घर आवरून झालं, की दुसऱ्या दिवशी मार्जारासन आणि शवासन, एवढंच करा. बाकीची दोन आठवड्याने.