मेल्यासारखा दिसणारा माणूस ऐकत असतो

पावसाळ्यात जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात भातलावणीने दमलेली माणसं घरात जमिनीवरच अंथरूण टाकतात, आणि मण्यार बाहेर पडते तीही रात्रीच. तिचा दंश बहुधा झोपेत होतो. सूज नाही, फारशी वेदना नाही, दातांचे व्रण शोधूनही सापडत नाहीत. पहाटे पोट दुखायला लागतं, तेव्हा घरच्यांना वाटतं, रात्रीचं जेवण बाधलं. मग पापण्या जडावतात, जीभ अडखळते, आवंढा गिळता येत नाही. आरोग्य केंद्रात पोचेपर्यंत माणूस निपचित. डोळ्यांत टॉर्च मारला तरी बाहुल्या हलत नाहीत. कुणीही म्हणेल, संपलं. पण मेंदू जागा असू शकतो, आणि खाटेभोवतीची रडारड त्याला ऐकू येत असते!

मज्जातंतू स्नायूपाशी जिथे संपतो, तिथे एक रसायन साठवलेलं असतं. मेंदूचा हुकूम स्नायूला कळतो तो त्याच्यामार्फत. मण्यारीचं विष नेमकी ही टोकं उद्ध्वस्त करतं. मेंदू धडधाकट, स्नायूही धडधाकट, मधला निरोप्या तेवढा गेला. छाती हलायची थांबते ती त्यामुळे. प्रतिविष रक्तात फिरणारं विष पकडतं, मोडलेली टोकं मात्र त्याला दुरुस्त करता येत नाहीत. ती शरीर स्वतःच, काही दिवसांत, नव्याने घडवतं. तोवर कुणीतरी बाहेरून हवा पुरवत राहायची.

ही गोष्ट जगाला शिकवली कोपनहेगनने. १९५२ साली तिथे पोलिओची भयंकर साथ आली आणि श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं दगावू लागली. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेत छेदावाटे नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. ती जगली. मग सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, पिशव्या दाबत बसले. पुढे १९५६मध्ये दाबल्यावर आपोआप फुगणारी पिशवी डेन्मार्कमध्येच तयार झाली. आपल्या सिस्टर तिला अंबू बॅग म्हणतात.

बिबट्या दिसला की जुन्नरची बातमी होते, सापाची सहसा होत नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. नारायणगावात डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी सर्पदंशाचा एकही मृत्यू होऊ नये या ध्यासाने मोहीम चालवली आहे. त्यांनी रुग्ण बरे केले, आणि दुसऱ्यांना शिकवलंही. मला दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं, कारण पहिल्या तासात रुग्णाजवळ तज्ज्ञ नसतोच. असते ती रात्रपाळीची सिस्टर.

तिला शिकवायच्या गोष्टी थक्क व्हाव्यात इतक्या साध्या आहेत. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर रक्त गोठेनासं होतं. हे ओळखायला कोरी, कोरडी काचेची नळी पुरते. दोन मिली रक्त त्यात घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच कलंडवून बघायचं. वाहिलं, तर विष रक्तात भिनलंय. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लास्टिकमध्ये किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निकाल फसवा येतो. नाग चावला असेल तर निओस्टिग्मिनच्या इंजेक्शनने मिटलेल्या पापण्या पुन्हा उचलल्या जाऊ शकतात, कारण नागाचं विष टोकं मोडत नाही, पलीकडची जागा अडवून बसतं. लहान मुलालाही प्रतिविष मोठ्यांइतकंच द्यायचं. साप काही वय बघून विष कमी सोडत नाही. आणि हे औषध घोड्याच्या रक्तातून बनतं, म्हणून अंगावर पित्त उठलं, दम लागला, रक्तदाब घसरला, तर मांडीत द्यायचं अ‍ॅड्रिनॅलिन आधीच भरून ठेवायचं.

सगळ्यांत अवघड पिशवीच, असं दिसतं. मास्क चेहऱ्यावर नीट बसला नाही तर हवा गालाशेजारून निसटते. म्हणून जमलं तर दोघींनी करायचं: एकीने दोन्ही हातांनी हनुवटी उचलून मास्क धरायचा, दुसरीने दाबायचं, पाच-सहा सेकंदांनी एकदा, छाती उचलेल एवढंच. हे पुतळ्यावर घोटून घोटूनच हाताला बसतं. श्वासनलिकेत नळी पडली तरी व्हेंटिलेटर मिळेपर्यंत दाबणं सुटत नाही. आंबेगावातल्या मंचरहून पुणे साठेक किलोमीटर. ट्रॅफिकसकट १०८च्या गाडीत दोन तास धरले, तर पिशवी बाराशे ते चौदाशे वेळा दाबावी लागते, आणि हात भरून आला की अदलाबदल कशी करायची हेही त्याच सरावात शिकवावं लागतं.